नावांच्या रविवारी गाळलेलं नाव

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पाळकांना नाही, बायकोला नाही. आणि खरं सांगायचं तर—प्रार्थनेतसुद्धा नाही. प्रार्थनेत मी आजूबाजूचं सगळं सांगतो. गुडघेदुखी सांगतो, शेजाऱ्याबद्दल वाटणारा हेवा सांगतो, आणि नेमकं इथवर आलं की आमेन म्हणून उठतो. देवाला ठाऊकच आहे, त्याला वेगळं काय सांगायचं, अशी मी माझी समजूत घालतो. तुम्हाला मात्र ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. बसा. मी मध्येमध्ये थांबेन, भलतीकडे जाईन, तेवढं चालवून घ्या.

मी धुळ्यात राहतो. जन्म मात्र पिंपळनेरच्या वरच्या अंगाचा, डोंगराला लागून असलेल्या एका पाड्यावरचा. नोकरी कारकुनीची केली, ती संपली. पण लोक मला ओळखतात ते पेटीमुळे. आमच्या मंडळीत—आम्ही ख्रिस्ती लोक आपल्या चर्चच्या माणसांना मंडळी म्हणतो—रविवारी पेटी मी वाजवतो, गाणारी पोरंपोरी मी बसवतो, रविवारशाळेत पाठांतर मी घेतो. कुणी सूर सोडला की माझं डोकं फिरतं. पोरं मला टरकून असतात, मोठी माणसंही थोडी टरकतात. मला ते आवडतं, हेही आता सांगूनच टाकतो.

आणि एक चाल आहे. नाताळात साक्रीपासून जळगाव-भुसावळपर्यंत आमच्या कुठल्याही मंडळीत गेलात, तर ‘गोठ्यात उजेड झाला’ हे गीत कानावर पडेलच. टाळ्या वाजवून म्हणतात. लहान पोरं बाकांच्या मधल्या जागेत नाचतात. हे गीत माझं. निदान सगळे तसं म्हणतात. शब्द माझेच आहेत, त्यात खोट नाही. चाल—थांबा, चालीकडे मग येतो.

आधी आमच्या मंडळीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी येशूची वंशावळ, मत्तयाच्या शुभवर्तमानात सुरुवातीलाच आहे ती, एक मूल तोंडपाठ म्हणतं. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कुणी झाला, असं अब्राहामापासून थेट योसेफापर्यंत. ते झालं की मंडळीतलं एक घर उभं राहतं आणि त्याच चालीवर स्वतःची वंशावळ म्हणतं. फक्त आम्ही प्रत्येक नावापुढे देवाने त्या माणसाला काय दिलं होतं ते जोडतो. कुणाला शेतीची नजर, कुणाला मोडलेलं हाड बसवायची हातोटी, कुणाला नुसतीच सहनशक्ती. आमच्या लोकांचे पणजे डोंगरात जगले आणि डोंगरातच गेले, त्यांचं कुणी काही लिहून ठेवलं नाही. त्यामुळे आपल्या आज्याचं नाव भर उपासनेत, अब्राहामाच्या पाठोपाठ ऐकू आलं की म्हातारी माणसं कशी ताठ बसतात ते बघण्यासारखं असतं. या दिवसाला आम्ही नावांचा रविवार म्हणतो.

पाठ करताना पोरं नेमकी बायकांची नावं गाळतात. सगळे बापच बाप, आणि मध्येच तामार येते, राहाब येते, रूथ येते, उरीयाची बायको येते. जिभेला सवय नसते, पोरं सटकन पुढे जातात. मग मी पेटीच्या झाकणावर थाप मारतो. चला, पुन्हा अब्राहामापासून. एक नाव गाळलं की पुन्हा अब्राहामापासून, हा माझा नियम. एखादं आगाऊ पोर विचारतं, राहाब कोण होती? मी सांगतो, बाबा रे, ती बदनाम बाई होती, आणि तरी देवाने तिचं नाव ठेवलं. तू कोण लागून गेलास गाळणारा?

हे मी म्हणायचो. याच तोंडाने.

माझ्या आईचं नाव जतरी. पिंपळनेरच्या जत्रेच्या दिवसांत जन्मली म्हणून जतरी. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला दुसरं एक नाव मिळालं होतं, पण ते कुणी वापरलं नाही आणि पुढे तीच विसरली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. गाता येतं असं तिनेही कधी म्हटलं नाही. तिला रडता येत होतं.

हसू नका. आमच्या त्या भागात कुणी गेलं की बायका सुरात रडतात. पण पहिला सूर धरायला कुणीतरी लागतं. माणूस गेल्यावर घर सुन्न होतं, रडणं छातीत अडकून बसतं, कुणाला तोंड उघडवत नाही. मग आईला बोलावणं यायचं. ती जायची, मयताच्या उशाशी बसायची, गेलेल्याचं नाव घ्यायची आणि त्याच्या आयुष्यातलं काहीबाही सुरात ओवायची. त्याचा बैल, त्याची तंबाखूची चंची, बायकोला मारलेली हाक. पाठ केलेलं काही नाही, तिथल्या तिथे जुळवायची. तिचा सूर वर चढला की घर मोकळं व्हायचं, पुरुषसुद्धा भिंतीकडे तोंड करून रडायचे. निघताना घरचे तिच्या सुपात दाणे घालायचे, नागली नाहीतर भात. ती घरी यायची, तोंड धुवायची आणि भाकरी थापायला बसायची.

मंडळीला हे पसंत नव्हतं. आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे, आशा नसलेल्यांसारखं हेल काढून कसलं रडता—असं तिला किती वेळा बजावलं. एकदा तर बरेच दिवस प्रभूभोजनापासून, उपासनेतल्या भाकरी-द्राक्षारसापासून, दूर ठेवलं. तिने खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि पुढचं बोलावणं आलं तेव्हा सूप उचलून गेली. मला तिची लाज वाटायची. मी शिकायला होतो त्या बोर्डिंगमधली पोरं मला ‘रडीचा’ म्हणायची. मी चिडायचो त्या पोरांवर, पण राग यायचा तो तिचा.

आता सुमीचं सांगतो.

सुमी माझी धाकटी बहीण. अंगावर पीत होती, नुकती पाय टाकायला लागली होती. गोवर आला आणि गेली. मी तेव्हा आठेक वर्षांचा असेन. बाबा तिच्यासाठी शवपेटी करायला फळ्या आणायला गेले होते, बाबा सुतार होते. आई तिला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारची बुधीअक्का तिच्याजवळ, मी दारात. आणि आईने सूर धरला. दुसऱ्यांसाठी धरायची तसला नाही, हा मी कधी ऐकलेला नव्हता. खालून सुरू व्हायचा, मध्येच उडी मारून वर जायचा, आणि वरूनच तुटायचा. ‘कोठे गयी वं माय, दूध सोडीसन.’ कुठे गेलीस गं बाळे, दूध सोडून. एवढंच, परत परत. मग मंडळीचे लोक आले. त्यांनी तिला सांगितलं, लेकरू स्वर्गात आहे, असं रडू नको. ती गप्प झाली. अर्ध्यातच.

पण सूर गेला नाही. पुढे कित्येक वर्षं मी तो ऐकला. निंदायला वाकलेली असली की, जात्यावर बसली की, एकटी असली की—शब्द नाहीत, ओठ मिटलेले, नुसता सूर. मी जवळ गेलो की थांबायची.

तुमच्या लक्षात आलं असेल. आलंच असेल.

मी नोकरीला नवीन होतो तेव्हा जळगावला नाताळगीतांची स्पर्धा होती. मी शब्द लिहून बसलो होतो आणि चाल काही सुचेना. गंमत बघा, जगाला शिकवणारा मी, पेटीवर बोटं मारून दमलो. मग एका सकाळी बोटं आपोआप त्या सुरावर गेली. खालून सुरू, मध्ये उडी, वर तुटणं. मी लय वाढवली, ढोलकी घातली, जिथे आईचा सूर तुटायचा तिथे टाळी टाकली. नेमकी तिथेच. पहिला नंबर आला. बक्षीस देताना तिथल्या वडील मंडळींपैकी एका निवृत्त हेडमास्तरांनी विचारलं, चाल कुठून सुचली? आणि मी म्हणालो, पहाटे प्रार्थनेला बसलो होतो, तेव्हा देवाने दिली.

का म्हणालो? मला कुणी पढवलं नव्हतं. तोंडातून सहज आलं, अगदी भक्तिभावाने आलं. हेडमास्तरांचे डोळे भरले. त्यांची मुलगी पुढे माझी बायको झाली. त्यांना मी आबा म्हणायचो. ज्या तरुणाला देव पहाटे चाल देतो तो जावई म्हणून वाईट कसा असेल? पाळक प्रवचनात सांगतात, धन्याने दिलेलं मातीत पुरून ठेवणारा नोकर वाईट. मी काही पुरलं नाही हो. मी माझ्या बहिणीच्या मयतातून उचलून आणलं आणि माझं म्हणून मिरवलं.

मग आमच्या घराची पाळी आली, नावांच्या रविवारची. बाबा तोवर वारले होते, म्हणजे म्हणायचं मीच. मी पाड्यावर जाऊन आईला निमंत्रण दिलं. ती चुलीपाशी बसली होती. तिने लाकूड आत सारलं आणि म्हणाली, “मनं नाव लेशी ना रे भाऊ?” माझं नाव घेशील ना? उभ्या जन्मात तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं, घेईन की. देवाने तुला काय दिलं म्हणून सांगू? ती हसली. “देवनी माले रडानं दिन्हं,” म्हणाली. मला रडणं दिलं. आणि मग पदराने तोंड झाकून पुन्हा हसली, लाजल्यासारखी.

त्या रविवारी ती पिंपळनेरहून पहिल्या गाडीने आली. नवं लुगडं, डोक्याला तेल, पायांत चपला—चपला बुधीअक्काच्या होत्या, मोठ्या होत होत्या. बायकांच्या बाजूला, शेवटच्या बाकावर बसली. पुढच्या बाकावर आबा, जळगावहून मुद्दाम आलेले, सोबत माझी सासू, मेहुणे. आबांनी एकदा प्रवचनात अशा रडणाऱ्या बायकांवर कोरडे ओढले होते. मी ते ऐकून मान डोलावली होती.

मी उभा राहिलो. देवाने माझा आजा सोमा याला वाद्याचं ज्ञान दिलं, असं म्हणालो. तो पावरी वाजवायचा, आमच्या लोकांच्या जुन्या डोंगऱ्या देवापुढे फुंकायची पावरी, ते मी ‘वाद्य’ या शब्दात गुंडाळून टाकलं. सोमाला याकोब झाला, देवाने याकोबाच्या हातांना लाकूड ओळखायला शिकवलं, आपण बसलो आहोत ते बाक त्याचे आहेत. लोकांनी बाकांवरून हात फिरवले. आता पुढचं. वंशावळीत बायकांची नावं येतात ती ‘पासून’ म्हणून येतात, अमक्याला अमकीपासून अमका झाला. मला म्हणायचं होतं, याकोबाला जतरीपासून मी झालो. तोंड उघडलं होतं. मागच्या बाकावर ती पुढे झुकून बसलेली दिसत होती, मान किंचित वाकडी, कान इकडे. आणि पुढच्या बाकावर आबा.

‘याकोबाला मी झालो,’ मी म्हणालो. ‘आणि देवाने मला सूर दिला. एका पहाटे, प्रार्थनेत, स्वतः दिला.’

नंतर पेटीवर बसलो आणि ते गीत सुरू केलं. सगळे उभे राहिले. टाळ्या वाजायला लागल्या, जिथे तिचा सूर तुटायचा नेमक्या तिथे. पाड्यावर हे गीत तोवर पोचलं नव्हतं, तिने ते ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, हिला काय कळणार, ढोलकी आहे, शब्द वेगळे आहेत. पहिल्याच ओळीला तिने मान वर केली. माझ्याकडे नाही, छताकडे बघितलं. मग सगळं गीत होईपर्यंत ती उभी होती, हात लुगड्यावर तसेच ठेवून.

तिला गाडीत बसवायला स्टँडवर गेलो. मला वाटलं बोलेल, शिव्या देईल. मी वाट बघत होतो म्हणा ना. ती चपला सांभाळत पायरी चढली, खिडकीशी बसली आणि म्हणाली, “बठ्ठा लोकेस्नी टाया वाजाड्यात. सुमीले आवडतं.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुमीला आवडलं असतं. गाडी सुटली. तिच्या नावाचा विषय तिने त्या दिवशी काढला नाही आणि नंतरही कधी नाही.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणाला असता, घाबरला बिचारा, सासऱ्यापुढे कच खाल्ली. तेवढंच असतं तर ते मी केव्हाच पाळकांना सांगून मोकळा झालो असतो. खरं सांगायचं आहे ते पुढेच आहे.

आई गेली ती पाड्यावरच, म्हातारपणाने. धुळ्याहून मंडळीचे लोक गाडी करून आले, आबा आले, माझा गायकवृंद आला. आईला ओसरीवर ठेवलं होतं. घर सुन्न. पाड्यावरच्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि कुणाला रडू फुटत नव्हतं, कारण सूर धरणारीच मधे निजली होती. तेव्हा बुधीअक्का उठली. ती तर आईपेक्षा म्हातारी झालेली, डोळ्यांनी दिसत नव्हतं. चाचपडत आईच्या उशाशी बसली आणि तिने सूर धरला. कुठला धरणार? सुमी गेली त्या दिवशी आईच्या शेजारी ती होती. तिने सुमीचाच धरला. ‘कोठे गयी वं माय’—खालून सुरू, मध्ये उडी.

माझ्या वृंदातल्या एका मुलीने चमकून मान वर केली. तिला चाल ओळखीची वाटली. वाटणारच, मीच तिचे कान तयार केले होते. तिने शेजारणीकडे पाहिलं.

मी उठलो. लोकांमधून वाट काढत गेलो, बुधीअक्काचा खांदा धरला आणि म्हणालो, अक्का, आमच्यात असं रडत नाहीत. हळू नाही म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. आबांनी समाधानाने मान हलवली. अक्काने न दिसणारे डोळे माझ्याकडे वळवले, मी कोण ते तिला आवाजावरून कळलं होतं. तिने पदर तोंडात कोंबला. आणि मग त्या घरात कुणीच रडलं नाही. आम्ही पुस्तकं उघडून दोन सुरांत एक गीत म्हटलं, चांगलं म्हटलं, आणि तिला पुरून आलो. सगळ्या गावाला जिने रडून मोकळं केलं तिच्यासाठी एकच सूर उठला होता. तो मी बंद केला. दुःखाने नाही, श्रद्धेने तर नाहीच. चाल ओळखली जाईल म्हणून.

आबा पुढे वारले. बुधीअक्काही गेली. आता कुणाची भीती? सांगता आलं असतं की नाही? कितीतरी डिसेंबर आले.

गेल्या डिसेंबरात पुन्हा आमच्या घराची पाळी होती. या वेळी नात म्हणणार होती. पोरीचा गळा असा आहे की खालून उडी मारून वर जातो आणि वर गेल्यावर तुटतो, मुद्दाम शिकवून येत नाही तो प्रकार. मी तिच्याकडून पाठ करून घेत होतो. सोमाला याकोब झाला, याकोबाला माझे आजोबा झाले. ती थांबली. पणजीचं नाव काय होतं, म्हणाली. मी म्हणालो, ते यात येत नाही. ती म्हणाली, मत्तयात तर येतात, तुम्हीच गाळू देत नाही. मी म्हणालो, ते वेगळं. मग तिने मी सांगितलं तसं पाठ केलं. हुशार आहे, एकदाही चुकली नाही.

त्या रविवारी ती पांढरा फ्रॉक घालून उभी राहिली. बाबांनी केलेले बाक भरलेले होते. सोमा झाला, याकोब झाला, आणि माझ्या आजोबांना देवाने एका पहाटे स्वतः चाल दिली, असं खणखणीत म्हणाली. लोक आमेन म्हणाले. मग तिने पेटीकडे वळून बघितलं, गीत सुरू करायचं होतं, तिला सूर हवा होता.

मी भाता दाबला आणि सूर दिला. ती गायला लागली. सगळे उभे राहिले, जिथे जतरीबाईचा सूर तुटायचा तिथे टाळ्या वाजल्या, आणि मी शेवटपर्यंत वाजवत राहिलो.